काथ्याची घरटी

धरणाच्या भिंतीपर्यंत जीप येते, म्हणून मच्छीमार संस्थेच्या चेअरमननं माशांची घरटीही भिंतीजवळच सोडली, आणि ते बघून बेबाबाईनं कपाळाला हात लावला.

निळ्या पाइपांच्या वीस चौकटी होत्या. त्यांना हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्या लोंबत होत्या, मांडवाच्या झालरीसारख्या. जळगावहून आलेले खात्याचे साहेब पोरसवदा होते, पण सांगायचं ते त्यांनी नीट सांगितलं होतं. घरटी उथळ पाण्यात बांधा, जिथं लाट नाही, माणसाची वर्दळ नाही तिथं. एवढं सांगून साहेब पुढच्या गावाला गेले. आता उथळ पाणी धरणाच्या शेपटीकडं, नाला येऊन मिळतो तिथं. तिथवर बांधाबांधानं पाऊण तास चालावं लागतं, आणि चेअरमननं त्या दिवशी पांढरे बूट घातले होते. मग काय, दोन माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील एवढ्या पाण्यावर चौकटी सोडल्या, त्यांच्याकडं बोट दाखवून फोटो काढले आणि वडापाव आणायला माणूस धाडला.

बेबाबाई मासळीची पाटी घेऊन काठावर उभी होती. हळू बोलायची सवय तिला कधी नव्हती.

"मासा आठे फोटो काढाले येई का, चेअरमन?"

चेअरमन हसला. अक्का, तुम्ही मासळी विकायचं बघा, हे शास्त्राचं काम आहे, म्हणाला. त्याच्यामागं चार सभासद हसले. पाचवा तिचा मुलगा चुडामण होता. तो हसला नाही, पण तोंड वळवून पाण्याकडं बघत राहिला. बेबाबाईला त्या चौघांपेक्षा हे जास्त लागलं.

खैरनाळ्याच्या भोईवाड्यात तिला सगळे अक्का म्हणत. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती, तेही शाळा घरासमोर होती म्हणून. पण पस्तीस वर्षं एरंडोलच्या बाजारात मासळी विकून तिनं माणसं वाचायला शिकून घेतलं होतं, आणि मासे तर त्याआधीपासून. नवरा गेल्यावर होडी विकायला सांगणाऱ्या दिराला तिनं उंबऱ्यावरूनच परत धाडलं होतं. चुडामण तेव्हा अकरा वर्षांचा होता.

आता तो तिशीचा झाला होता आणि धरणात मासा नव्हता.

त्याचं कारण बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, गावाला ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. मागच्या उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा मशिनी लावून गाळ काढला. गाळ शेतात गेला, शेतकरी खुश झाले, वाईट काहीच नाही. पण गाळाबरोबर काठचं लव्हाळं गेलं, पाण्यातलं शेवाळ गेलं, शेपटीकडच्या बुडालेल्या बाभळी मुळासकट गेल्या. काठ न्हाव्यानं वस्तरा फिरवावा तसा चोपडा झाला. रोहू-कटला धरणात अंडी घालतच नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. त्यांची पिल्लं संस्थेनं श्रावणात आणून सोडली होती, ती आठच दिवसांत सांडव्यावरून पुराबरोबर निघून गेली. राहिला सिपरनस. कागदावर त्याचं नाव वेगळं लांबलचक आहे, भोईवाड्यात सिपरनस. हा मासा धरणातच वितो, थंडी सरता सरता. पण त्याची अंडी चिकट असतात. ती गवताला, काटक्यांना, मुळ्यांना चिकटवावी लागतात. चोपड्या मातीवर पडली तर गाळात रुतून कुजतात. पोटात अंडी घेऊन माद्या हिंडत होत्या आणि त्यांना टेकायला काडी नव्हती.

त्या संध्याकाळी चुडामणनं जेवताना सांगितलं. ताटाकडं बघत सांगितलं, कारण आईकडं बघून सांगायची त्याची छाती नव्हती.

"माय, मी सुरतले जाई राहिनू. उधनाले दादा शे, तो होळीलोंग जागा ठेवस म्हने."

उधन्याला त्याचा चुलतभाऊ लूमवर होता. आधी चुडामण एकटा जाणार, खोली मिळाली की दिपमालाला नेणार. दिपमाला म्हणजे सून. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही. म्हणजे हे तिला आधीच माहीत होतं. म्हणजे घरात फक्त बेबाबाईलाच माहीत नव्हतं.

"मग जाय ना," ती म्हणाली. "मी काय तुना पाय धरी राहिनू?"

आणि नंतर तिनं भाकरी जाड झाली म्हणून सुनेला, दिव्याची वायर लोंबते म्हणून मुलाला आणि मांजराला मांजर म्हणून झापलं. होडी कुणाला द्यायची, जाळी कुठं ठेवायची, हे कुणीच बोललं नाही. होळीला तेवीस दिवस होते. बेबाबाईनं ते बोटांच्या पेरांवर मोजले, हात पदराखाली धरून.

दुसऱ्या दिवशी ती एरंडोलला नासीर गादीवाल्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. बरोबर दिपमाला होती, कारण पोती उचलायला कुणीतरी हवं. नासीरच्या दुकानामागं फाडलेल्या जुन्या गाद्यांचा आणि सोफ्यांचा काथ्या ढिगानं पडलेला असतो. नारळाच्या केसांचा, राठ, भुरका.

नासीर तिला ओळखत होता. दर शुक्रवारी त्याची आई सुगराबी तिच्याकडूनच मासळी घेई आणि दर शुक्रवारी दोघी भावावरून भांडत. त्यानं विचारलं, अक्का, एवढा काथ्या कशाला, लेकीचं लग्न काढलं का?

"माशांचं बाळंतपण काढलंय," बेबाबाई म्हणाली.

नासीरनं हातातली सुई खाली ठेवली. "अक्का, माशांसाठी गादी मी आजवर बनवली नाही. डबल बेड पाहिजे की सिंगल?"

"तू तोंड शिव आणि पोती भर."

त्यानं पाच पोती भरून दिली आणि घ्यायचं काही नाही म्हणाला, मागचा ढीग कमी झाला तर आईच खुश होईल. बेबाबाईला फुकटचं चालत नसे. तिनं पहिला मासा घरी पोचवीन असं कबूल केलं, आणि तो लहान असला तरी सुगराबीनं तोंड वाकडं करायचं नाही, हेही बजावलं.

घरी बांबू चिरायचं काम चुडामणकडं आलं. तो नाही म्हणाला नाही. जायच्या माणसाला घरातलं शेवटचं काम नाकारता येत नाही, हे बेबाबाईनं धरूनच ठेवलं होतं. हाताएवढ्या लांबीचे तुकडे, चार तुकड्यांची चौकट, चौकटीला काथ्याचे झुबके सुतळीनं आवळून बांधायचे, दाढीसारखे. एका बाजूला तेलाचा रिकामा डबा म्हणजे चौकट तरंगते, खाली दगड म्हणजे वाहून जात नाही. बेबाबाई झुबके बांधायची, दिपमाला सुतळी कापायची. तिसऱ्या दिवशी दोघींच्या बोटांना चिरा पडल्या. सुनेनं एरंडेल लावलं. सासूनं लावलं नाही, आपल्या कातडीला असल्या लाडाची सवय नाही म्हणाली, आणि भाकरी मोडताना मिठाचा हात लागला तेव्हा तोंड फिरवून बसली.

चाळीस चौकटी झाल्या. तेव्हा खरी ठिणगी पडली.

दिपमाला बारावी झालेली होती. साहेब आले त्या दिवशी बायकांत मागं बसून तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "बाई, साहेबनी सांगं व्हतं, काथ्या आठ दिन पानीमा ठेवाना. त्याना रंग निंघी जास तधलोंग धोवाना."

बेबाबाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. धुवायचा, आणि मग तो पाण्यात महिन्यात कुजायचा. भोईवाड्यात सुती जाळी होती तेव्हा तिचा सासरा दर वर्षी बाभळीची साल उकळून तिच्या काढ्यात जाळी बुडवायचा. जाळं लाल-काळं होई, चामड्यासारखं चिवट, आणि पाच-पाच पावसाळे टिके. नायलॉन आल्यापासून ते काम बंद पडलं, पण बेबाबाई लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं स्वतः त्या हंड्याखाली जाळ घातला होता. सासऱ्यानं बठ्ठ्यांसमोर म्हटलं होतं की या पोरीला सालीचा रंग कळतो. एवढं कौतुक तिच्या आयुष्यात पुन्हा कुणी केलं नाही.

"तुना साहेबना बापनी कधी जाळं इनं व्हतं का?" तिनं विचारलं.

दिपमाला म्हणाली, जाळं मासा धरायला असतं बाई, हे तर त्यानं यावं म्हणून आहे. ती हळू म्हणाली, पण म्हणाली. बेबाबाईनं हातातला कोयता असा खाली ठेवला की चुडामण बांबू सोडून बाहेर निघून गेला.

साल काढली. मोठा हंडा तीन दगडांवर चढवला. दिवसभर जाळ घातला, धुरानं डोळे सुजले, अंगणभर आंबूस तुरट वास सुटला. शेजारची लताबाई नाकाला पदर लावून बघून गेली. चाळीस चौकटी एकेक करून काढ्यात बुडवल्या आणि कुंपणावर वाळत घातल्या. काथ्या जांभळा-काळा झाला. बेबाबाईनं एक झुबका ओढून पाहिला, तुटेना. तिला फार बरं वाटलं.

वाळल्यावर, चौथ्या दिवशी, होडीतून चौकटी शेपटीकडं नेल्या. पाणी तिथं वितीपासून मांडीएवढं, तळ सपाट, ऊन पाण्यात खालपर्यंत उतरतं. चुडामणनं दगड सोडले, चौकटी ओळीनं तरंगायला लागल्या. मग वाट पाहणं आलं, आणि बेबाबाईला आयुष्यात जे एक काम कधी जमलं नव्हतं ते हेच.

रोज तांबडं फुटायला ती काठावर जाऊन बसे. सिपरनस आले होते. त्याबद्दल वाद नव्हता. मादी पुढं, दोन-तीन नर मागं, पाठी पाण्याबाहेर काढून काठाकाठानं फडफडत पळत. पाणी उसळे, चिखल ढवळून निघे. चौकटीपाशी येत, आणि हातभर अलीकडून वळून जात. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. चौकटी वर काढून पाहिल्या तर झुबक्यावर एक दाणा नाही. काठच्या चोपड्या मातीवर मात्र अंडी सांडलेली, पांढरी पडलेली, मेलेली.

पहिल्या दिवशी दोष होडीतल्या डिझेलच्या वासाचा होता. दुसऱ्या दिवशी दिपमालाच्या बांगड्यांचा, त्या वाजतात. तिसऱ्या दिवशी पलीकडं धुणं धुणाऱ्या बायकांचा. चौथ्या दिवशी बगळ्यांचा, आणि पाचव्या दिवशी पुन्हा चेअरमनचा, जरी चेअरमन धरणाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्याच्या हिरव्या झालरीवर फक्त पाणकावळे बसून हगत होते.

चुडामणनं पिशवी धुऊन वाळत टाकली. होळीला सात दिवस उरले होते.

सहाव्या दिवशी वारा पडला होता. पाणी आरशासारखं होतं. बेबाबाई मांडीपर्यंत पाण्यात शिरली, एका चौकटीपाशी जाऊन उभी राहिली आणि खाली पाहत राहिली. चौकटीभोवती पाणी वेगळं दिसत होतं. कोऱ्या चहासारखं. हातभर घेर, त्यापुढं साधं पाणी. प्रत्येक चौकटीभोवती तसाच घेर. तिनं ओंजळ भरली आणि जिभेला लावली. तोंड आक्रसलं, जसं कच्चा चिकू खाल्ल्यावर आक्रसतं.

साल कातडं कमावते. साल जीव कसा वाढवील? हे तिला सासऱ्यानं सांगितलं नव्हतं, कारण सासऱ्यानं माशाला बोलवायचं काम कधी केलंच नव्हतं. त्याचं काम मासा आल्यावर सुरू व्हायचं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. रागवायला कुणीही नव्हतं.

त्या दुपारी ऊन डोक्यावर असताना दिपमाला सासूला शोधत शेपटीकडं आली तेव्हा तिला दुरून धोपटण्याचा आवाज ऐकू आला. बेबाबाईनं सहा चौकटी पाण्याबाहेर ओढून आणल्या होत्या आणि एका सपाट दगडावर गोधडी धोपटावी तसा काथ्या धोपटण्यानं बडवत होती. दगडावरून तांबडं पाणी ओघळत होतं. लुगडं कासोट्यापर्यंत भिजलं होतं. दंडाचं कातडं लोंबतं, ते प्रत्येक फटक्याला हलत होतं.

सून जवळ येऊन उभी राहिली. बेबाबाईला ठाऊक होतं, आता ही बोलणार. आठ दिवसांपूर्वीचं सगळं बोलणार. तिनं बोलावं आणि एकदाचं संपावं, असंच तिला वाटत होतं. उत्तर तयार होतं.

दिपमालानं साडी खोचली, पाण्यात उतरली आणि सातवी चौकट ओढून आणली.

"काय दखस?" बेबाबाई करवादली. ती काही बघत नव्हती. "बोल ना. बोलानं शे ते बोली टाक."

"धोपटनं एकच शे," दिपमाला म्हणाली. "तुम्ही बसा जराखा. मी मारस."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं, हे बेबाबाईला कळेना. तिनं धोपटणं दिलं नाही. दिपमालानं मग पायांनी तुडवायला सुरुवात केली. दोघींनी अंधार पडेपर्यंत बारा चौकटी धुतल्या. दुसऱ्या दिवशी चुडामण न सांगता आला आणि पाटाच्या तोंडाशी जिथं पाणी जोरात झिरपतं तिथं त्यानं उरलेल्या चौकटी दोरीला बांधून ठेवल्या, म्हणजे पाणीच त्यांना धुवील. तीन दिवस झुबके खळबळले, पिळले, हुंगले. शेवटी पिळल्यावर पाणी नितळ यायला लागलं. या तीन दिवसांत कुणी सालीचं नाव काढलं नाही. बेबाबाईनंही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं सुनेच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकली, आणि तिनं ती नको म्हटल्यावर, खाय गुमान, म्हणाली.

होळीला तीन दिवस असताना चौकटी पुन्हा पाण्यात गेल्या.

आणि दुसऱ्याच पहाटे पाणी उकळल्यासारखं झालं. सिपरनस झुबक्यांत घुसत होते, अंग घासत होते, डबे वरखाली उसळत होते. बेबाबाई काठावर उभी राहून शिव्या देत होती, कुणाला ते तिलाही सांगता आलं नसतं. ऊन वर आल्यावर चुडामणनं एक चौकट उचलली. प्रत्येक केसाला अंडी. राळ्याच्या दाण्याएवढी, पिवळसर, काचेसारखी आरपार. झुबका जड झाला होता. त्यानं ती चौकट आईच्या तोंडासमोर धरली, आणि फार सावकाश परत पाण्यात ठेवली.

तीन दिवसांनी अंडी फुटणार होती. पण चुडामणचं जाणं दुसऱ्या दिवशीच होतं. धरणगावहून संध्याकाळची साडेपाचची गाडी. चुलतभावाला शब्द दिला होता, आणि अंड्यावरच्या माशाला विकायच्या लायकीचं व्हायला दिवाळी उजाडते. हे तो बोलला नाही. बेबाबाईनं स्वतःच हिशेब केला आणि स्वतःलाच झापलं. मासे आले की पोरगा थांबेल असं तिला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. तिनंच ठरवलं होतं आणि तिनंच धरून ठेवलं होतं. आता अंडी होती, आणि पिशवीही भरलेली होती. थांब म्हणायचं तर एकच शब्द होता. तो काढायच्या ऐवजी तिनं चहाचं भांडं दोनदा घासलं.

जायच्या दिवशी सकाळी चुडामणनं इस्त्रीची निळी पँट घातली, पांढरा शर्ट घातला. तीनच्या रिक्षानं निघायचं होतं. बेबाबाई त्याच्याकडं बघायचं टाळत शेपटीकडं गेली, अंडी बघायला, आणि बांधावरच थबकली.

काठ जागेवर नव्हता.

रात्रीतून पाटाला पाणी सोडलं होतं. उन्हाळी भुईमुगाची पाळी. भिंतीकडं पाणी चार बोटं उतरलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण शेपटीकडं तळ सपाट आहे, तिथं चार बोटांत काठ वीस पावलं मागं सरतो. काठाकडच्या तेरा-चौदा चौकटी चिखलावर आडव्या पडल्या होत्या. त्यांच्यापुढच्या टेकायच्या बेतात होत्या. ऊन चढत होतं. झुबके वरून सुकायला लागले होते.

ती पाटाचं दार सांभाळणाऱ्या पाटकऱ्याकडं धावली. या वयात धावली. पाटकरी भिंतीवरच्या खोलीत रेडिओ ऐकत होता. त्यानं शांतपणे सांगितलं की पाणी शेतीचं आहे, माशांचं कुठं लिहिलेलं नाही, आणि दार बंद करायचं तर वरून कागद लागतो. संस्थेला कळवलं नाही का? चेअरमनला कळवलं होतं की, तो म्हणाला, परवाच. बेबाबाईनं चेअरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार पाटकऱ्यासमोर केला, कारण चेअरमन समोर नव्हता, आणि घराकडं वळली.

तिनं अंगणातूनच आवाज दिला. सुनेला दिला. पोती घे, बादल्या घे, तिनं सांगितलं, बठ्ठी पोती. मुलाला तिनं काही सांगितलं नाही. तो दारात पायात चपला घालत उभा होता. त्यानं विचारलं काय झालं, तर ती म्हणाली, तुझ्या कामाचं नाही, तू तुझं आवर.

अंडी लागलेली चौकट उन्हातून न्यायची तर ओल्या पोत्याखाली झाकून न्यावी लागते, आणि दोन्ही हातांवर आडवी धरून, म्हणजे झुबके एकमेकांवर घासत नाहीत. एका वेळी एक. चिखल घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. नाल्याच्या जुन्या पात्राशी थोडं खोल डबकं होतं, तिथपर्यंत शंभर पावलं. बेबाबाईची तिसरीच खेप होती तेव्हा तिचा पाय रुतला आणि ती बसलीच, चौकट मात्र वर धरून. दिपमाला दूर होती.

कुणीतरी तिच्या हातातून चौकट काढून घेतली.

निळी पँट मांडीपर्यंत चिखलात होती. चुडामणनं शर्ट काढून कमरेला बांधला होता. त्यानं आईला दंड धरून उठवलं आणि चौकट घेऊन पुढं गेला.

ती त्याच्या मागं गेली आणि बोलत राहिली. पोतं सुकलं, भिजव. असं नको, आडवं धर. ते आधी घे, त्यावर ऊन आलं. डबा काढ, आता कशाला डबा. तुला डोळे आहेत का? ती इतकं बोलली की स्वतःच्या घशाला कोरड पडली. सूर्य धरणाच्या भिंतीवर आला म्हणजे किती वाजले, हे तिला घड्याळाशिवाय कळत असे. तीन वाजले. गावाच्या बाजूनं रिक्षाचा हॉर्न वाजला, दोनदा, मग थांबून तिसऱ्यांदा. त्या वेळी ती सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती, की पलीकडची चौकट उलटी पडलीय आणि कुणाला दिसत कशी नाही. ती उलटी पडलेली नव्हती. चुडामण गेला, त्यानं बघितलं, सरळ आहे म्हणाला, आणि तीच उचलून आणली.

एकोणचाळीस हलवल्या. एक गेली होती, तिची अंडी पांढरी पडली होती. ती दिपमालानं काठावर टाकली आणि पोत्यानं हात पुसत खाली बसली. तिच्या पिंडऱ्यांवर चिखल वाळून तडकला होता. डबक्यात चौकटी दाटीनं तरंगत होत्या, एकमेकींना हळू धडकत.

धरणाच्या पलीकडून, फार लांबून, इंजिनाची शीळ आली. वारा तिकडचा असला की येते.

चुडामणनं खिशातून फोन काढला. तो भिजला होता, लागत नव्हता. त्यानं तो शर्टाला पुसला आणि परत खिशात ठेवला.

"गाडी गयी," तो म्हणाला.

बेबाबाई पाण्याकडं बघत होती. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं, नाहीतर ते दिसलं असतं.

"गयी ते गयी. सकायले गाडी नही का?"

तो उठला. डबक्याच्या काठावर चिखलात एक काटकी रोवली, बरोबर पाण्याच्या कडेला. थोडा वेळ वाकून बघत राहिला. पाणी काटकी सोडून केसभर मागं सरकलं होतं.

"सकाय पानी आखो उतरी," तो म्हणाला. "ह्या बठ्ठ्या आखो हलावना पडतीन. तुम्हना दोन्हीसकडथून व्हावाव नही."

बेबाबाईनं ओल्या पोत्याचं टोक पिळलं, मुलाची पँट धरून त्याला जवळ ओढलं आणि गुडघ्यावरचा चिखल पुसायला लागली, इतक्या जोरानं, की तो कळवळून म्हणाला, माय, कातडं निघेल.